६५० वर चाळीस हजार खर्चायचेत, आधी कशाला हात लावू? (नागपूर)

मनीषनगर_६५०
शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत २०२१ ची रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० घेतली. सेकंड हँड, एकाच मालकाची, १४ हजार किलोमीटर चाललेली. इतके दिवस जशी आली तशीच चालवली. आता हातात थोडे पैसे आलेत आणि चाळीस हजारांच्या आत काय ते बसवायचंय.

डोक्यात आहे ते सांगतो: कॅफे रेसर लूक, म्हणजे जुन्या रेसच्या गाडीसारखी, चालवणारा पुढं झुकलेला. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कला चिमटणारे, खाली बसणारे दोन वेगळे दांडे), हँडलच्या टोकांना बसणारे बार-एंड आरसे, मागचं मडगार्ड कापून आखूड, कुबडाची एकेरी सीट आणि दोन्ही सायलेन्सर बदलून छोटे. हे चित्र मी दोन वर्षांपासून मनात घेऊन फिरतोय.

अडचण अशी की आठवड्यातले पाच दिवस गाडी मनीषनगर ते सदर ऑफिसला जाते. शनिवारी बायको मागे असते. महिन्यातून एकदा रामटेक, पेंच नाहीतर उमरेडकडे दीड-दोनशे किलोमीटर होतात. तीन दुकानांत विचारलं, तिघांनी तीन याद्या दिल्या, आणि तिन्ही याद्यांत पहिलं नाव सायलेन्सरचं. तुम्ही स्वतः काय बदललंत आणि काय बसवून परत काढलंत, ते सांगा. फोटो भरपूर पाहिलेत, अनुभव हवाय.


तर्रीपोहे
शुक्रवार, रात्री १०:२०

सायलेन्सर टाक भाऊ, बाकी सगळं नंतर. आवाजच नाही तं ६५० काहून घेतली?


लेथवाला_हिंगणा
शुक्रवार, रात्री ११:०५

मी हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करतो, १९ वर्षं झाली. पोट्टे येतात, बार-एंडची वजनं, फूटरेस्टचे बुश, क्रॅश गार्डचे स्पेसर करून नेतात. त्यामुळं कोण काय लावून राहिलं आणि तीन महिन्यांनी काय काढून राहिलं, दोन्ही दिसतं.

माझं म्हणणं एवढंच, पैसे लावायच्या आधी गाडीत जे आहे ते आपल्या अंगाला लावून घ्या. मागच्या दोन्ही शॉकअपवर पाच पायऱ्यांचा प्रीलोड आहे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. तो फिरवायला सी-स्पॅनर (आकड्यासारखा पाना) घ्या, दहा मिनिटांचं काम. एकटे फिरता तेव्हा एक पायरी, मागं माणूस बसला की दोन पायऱ्या वर. दोन्ही बाजूंना सारख्याच ठेवा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर सैल करून असे फिरवा की बसल्यावर मनगट आणि बोटं एका रेषेत येतील. दहातले आठ जण पहिल्या मालकाच्या हाताला जुळवलेले लिव्हर तसेच वापरतात आणि मग हँडल वाईट म्हणून बदलायला निघतात.

हे करून पंधरा दिवस चालवा. त्यानंतर जे खुपेल, तिथं पैसे घाला.

क्लिप-ऑनबद्दल. हायवेवर वारा छातीला उचलून धरतो म्हणून मनगटावर भार येत नाही. अजनी ते सीताबर्डी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत जाताना वारा नसतो, सगळा भार तळहातावर. माझ्याकडं क्लिप-ऑन उतरवून जुनं हँडल बसवायला आलेले या वर्षातच चार आहेत.


तर्रीपोहे
शुक्रवार, रात्री ११:११

लेथवाले भाऊ, तुमचं सगळं बराबर. पण चाळीस हजार हातात अन तुम्ही सी-स्पॅनर सांगून राहिले!


पाचफूटदोन
शनिवार, सकाळी ७:४०

माझी क्लासिक ३५०, २०२२ ची. गाडी १९५ किलो, सीटची उंची ८०५ मिलीमीटर आणि मी पाच फूट दोन. सिग्नलला दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकायचे. दुकानदारानं सस्पेन्शन खाली घ्यायला सांगितलं. मी नाही घेतलं, कारण मागची बाजू खाली गेली की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो, गाडी वळायला जड होते आणि स्टँडवर भलतीच उभी राहते.

मी सीट कापून घेतली. इतवारीत एक कुशनवाले काका आहेत. त्यांनी मला आधी गाडीवर बसवलं. मांडी सीटला जिथं घासते तिथं खडूनं रेघ मारली. मग कव्हरच्या पिना काढल्या आणि हॅकसॉच्या पात्यानं फोमचा थर सोलला, पोळीची घडी उलगडावी तसा. पुन्हा बसवलं, पुन्हा खडू. असं चार वेळा. उंचीतून फक्त २५ मिलीमीटर काढले, पण पुढचे दोन्ही कोपरे निमुळते केले आणि खरा फरक त्यानंच पडला. सीट पुढं रुंद असेल तर पाय फाकतात आणि जमीन लांब जाते. आता टाचा टेकतात. खर्च १,९००.

आणि कव्हर काळं घेऊ नका. मे महिन्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार तास उभ्या गाडीवर बसून पाहा. मी फिकट तपकिरी घेतलं, वर सुती कापडाचं खोळ आहे.


मनीषनगर_६५०
शनिवार, सकाळी ९:१५

ताई, खडूची गोष्ट फार उपयोगाची. मला वाटायचं सीट म्हणजे तयार विकत आणायची आणि दोन बोल्टवर बसवायची.

लेथवाले भाऊ, सकाळीच लिव्हर फिरवले. डावा लिव्हर इतका वर होता की क्लच ओढताना मनगट मोडत होतं. इतक्या महिन्यांत लक्षातच आलं नाही.


येझदी_८२
शनिवार, दुपारी १२:३०

वडिलांची १९८२ ची येझदी अजून घरात आहे म्हणून हे नाव. तरुण मंडळी अॅक्सेसरीज म्हणतात, आमच्याकडे 'सामान लावणे' म्हणायचे. नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात टाकीवर रेक्झिनचं कव्हर, वर चेनचा खिसा, त्यात कागदपत्रं. वेल्डिंगवाल्याकडून क्रॅश गार्ड. डावीकडे साडीसाठी लांब फूटरेस्ट. हँडलच्या टोकांना रंगीत झालर. हे सगळं बाजारातलंच सामान असायचं, कंपनीचं नाही.

येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. मागं ओढला की किक, पुढं ढकलला की गिअर. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला तेव्हा वडिलांनी बाजार पालथा घालून क्लच प्लेटा, पिस्टन रिंगा आणि केबलींचे दोन संच आणून ठेवले. त्यातली शेवटची क्लच केबल मी तीन वर्षांपूर्वी बसवली.

हे सांगायचं कारण असं: काढलेला मूळ भाग कधी विकू नका. आज फालतू वाटणारं ते हँडल, तो सायलेन्सर, ते मडगार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पंधरा वर्षांनी तुमच्या मुलाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची असेल.


अभंग_मूळरूप
शनिवार, दुपारी १:०२

माझं मत वेगळं आहे. मुळात बदलायचंच कशाला? या गाड्यांचं सौंदर्य प्रमाणात आहे. टाकीची रेषा सीटमध्ये उतरते, सीटची मडगार्डमध्ये. एक तुकडा बदलला की ती रेषा तुटते, आणि तुटलेली रेषा जुळवायला दुसरा तुकडा लागतो. मी माझी क्लासिक सात वर्षं जशी होती तशी ठेवली आहे. दर रविवारी पुसतो, चेन साफ करतो, तेल वेळेवर. तिच्याकडे पाहिलं की अजून समाधान होतं.


लेथवाला_हिंगणा
शनिवार, दुपारी १:४०

अभंग भाऊ, रेषेचं अगदी खरं. पण कंपनी एकच माप शिवते आणि माणसं पाच दोन पासून सहा दोन पर्यंत असतात. सदरा दुकानातून आणला तरी बाही आपण कापून घेतोच.


सिव्हिललाइन्सकर
शनिवार, संध्याकाळी ६:१०

कुणीतरी हे लिहायलाच हवं, म्हणून मी लिहितो. माझा रोजचा संबंध कायद्याशी आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीत लिहिलेली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेले भाग लावून गाडी बदलली तर दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२): पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

आता धागाकर्त्याच्या यादीकडे येतो. आरसीवर आसनक्षमता २ लिहिलेली असते, आणि तुम्ही एकेरी सीट म्हणताय. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ म्हणतो की मागं बसणाऱ्यासाठी धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण हवं. साडी गार्ड म्हणतो ते हेच. लूकसाठी पहिल्यांदा बळी जातो तो त्याचाच. ओढणी चाकात गेल्याचं एक प्रकरण मी जवळून पाहिलं आहे, त्याबद्दल इथं अधिक लिहिवत नाही. वहिनी शनिवारी मागं बसतात असं तुम्ही लिहिलंत म्हणून कळकळीनं सांगतो, साडी गार्डला हात लावू नका.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मूळ जागी, सरळ आणि दिसेल अशी राहू द्या. आणि विमा: जे सामान लावाल ते कंपनीला कळवून पॉलिसीत चढवून घ्या. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो.


तर्रीपोहे
शनिवार, संध्याकाळी ६:३२

वकीलसाहेब, मग हँडल, आरसे, सीटचा फोम, हे सगळं पण बदलच झालं ना?


सिव्हिललाइन्सकर
शनिवार, संध्याकाळी ६:५५

प्रश्न रास्त आहे. न्यायालयासमोरचा मुद्दा नोंदणीतल्या तपशिलाचा आणि मूळ रचनेचा होता. चासी, इंजिन, इंधनाचा प्रकार, आसनक्षमता, रंग हे आरसीवर असतं. सीटमधला फोम नसतो. पण 'आरसीवर नाही म्हणजे काहीही चालतं' असा अर्थ काढू नका, आवाज, दिवे आणि हॉर्न यांचे नियम वेगळे आहेतच.


रात्रपाळी_धंतोली
शनिवार, रात्री ११:५०

मी नर्स आहे. धंतोलीत रात्रपाळी करते. या भागात आणि रामदासपेठेत गल्लीगल्लीत दवाखाने आहेत, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको.

रात्री दीड वाजता पेशंटला कशीबशी झोप लागलेली असते. एक मोठ्या आवाजाची गाडी जाते. मी मॉनिटरवर नाडीचा आकडा वर चढताना पाहते. ८२ होता, ११० होतो, मग हळूहळू खाली येतो. पेशंट डोळे उघडून विचारतो, सिस्टर काय झालं? मी म्हणते काही नाही बाबा, गाडी गेली. मग तो पहाटेपर्यंत जागा.

गाडी मलाही आवडते, माझी स्वतःची होंडा सीबी३५० आहे. पण सायलेन्सरवरचा हा धागा वाचून झोप येईना, म्हणून लिहिलं.


तर्रीपोहे
रविवार, सकाळी ८:०५

ताई, मी धंतोलीतूनच जातो. रात्री पण जातो. तुमचं वाचून वाईट वाटलं. माझ्या पाइपचा डीबी किलर (आवाज दाबणारा आतला तुकडा) काढून ठेवलेला आहे, आज लावून टाकतो. हायवेचं माझं मत मात्र बदललं नाही, तिथं आवाज असला तं ट्रकवाल्याले आपण आहो ते समजते.


दोनशेसत्तर
रविवार, सकाळी १०:२०

ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये गाणी, इंजिन आणि बंद काच. आवाज तुमच्या मागं पडतो, ट्रकवाला पुढं असतो. त्याला तुम्ही दिसायला हवं. त्यासाठी दिवा आणि योग्य जागी उभं राहणं.

बरं, आवाजाबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही. ६४८ सीसीच्या या इंजिनचा क्रँक (दोन्ही पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा) २७० अंशांचा आहे. पहिल्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला की २७० अंशांनी दुसऱ्यात होतो, मग ४५० अंश थांबून पुन्हा पहिल्यात. दोन ठोके जवळ, मग एक श्वास. ढोलाच्या ठेक्यासारखं. कंपनीच्या सायलेन्सरमधूनही ते ऐकू येतं, आयडलला गाडी लावून मागं उकिडवं बसा आणि डोळे मिटून ऐका. उघडे पाइप लावले की आवाज वाढतो, पण ते दोन ठोके एकमेकांत मिसळून जातात.

दुसरं, इंजिनला ठरावीक हवेला ठरावीक पेट्रोल द्यायचं गणित ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, भरलेलं असतं. मोकळा पाइप आणि मोकळा एअर फिल्टर लावला की हवा वाढते, गणित तेच राहतं. मिश्रण कोरडं पडतं, अॅक्सिलरेटर सोडला की फटफट होते, पाइप तोंडाशी निळा पडतो. आपल्या गावात मे महिन्यात ४५ अंश. आधीच तापणारं इंजिन आणखी कोरडं चालवायचं कशाला? आणि फिल्टरवरचा उघडा जाळीचा डबा या धुळीत? मी बसवला होता. ३ हजार किलोमीटरवर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) उघडली तर आत बोटाला लागेल इतकी बारीक माती.


जुनाखेळाडू
रविवार, दुपारी १२:१५

सायलेन्सरची चर्चा पुरे झाली. वायरिंगबद्दल बोला, माणूस अडकतो तो तिथं.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून पुढं दोन एलईडी फॉग लावून घेतले. त्या माणसानं हेडलाइटच्या वायरी सोलून, पिळून, काळी टेप गुंडाळली. ना रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठी लाइन चालू करणारा स्विच), ना फ्यूज. एप्रिलपर्यंत मस्त चाललं. मे महिन्यात आम्ही दोघं सिवनीहून परत येत होतो, रात्रीचे साडेआठ. देवलापारच्या अलीकडे एका वळणावर हँडल डावीकडे घेतलं आणि समोर सगळं काळं. सरळ केलं, दिवा आला. पुन्हा डावीकडे, गेला. जंगलाचा रस्ता, मागून ट्रक. तिथून मनसरपर्यंत मी पंचविसाच्या वेगानं आलो, दोस्त मागून त्याच्या दिव्यात मला नेत होता.

मनसरला धाब्यावर टाकी सैल करून पाहिलं. टेपचा गोंद उन्हात वितळून काळं लोणी झालेलं, टेप घसरून बाजूला. तांबं उघडं आणि स्टेअरिंगच्या मानेवर घासून चकचकीत झालेलं. डावीकडं वळलं की तेच चासीला टेकायचं.

तेव्हापासून माझा नियम: कंपनीच्या वायरीला सुरी लावायची नाही. बॅटरीपासून वेगळी लाइन, बॅटरीपाशीच फ्यूज, रिले, आणि कंपनीच्या वायरीतून फक्त रिलेला इशारा. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी, तापवली की आवळते ती. स्टेअरिंगच्या मानेपाशी वायर जाळीच्या नळीत आणि थोडी सैल, हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून पाहायचं. फॉगचा स्विच वेगळा, झोत खाली, शहरात बंद.


पुणेकर_पाहुणा
रविवार, दुपारी २:४०

मी पुण्याचा, सासर नागपूर. जुनाखेळाडू यांचा मुद्दा सोन्यासारखा. मला त्यात एवढंच घालायचंय की ६५० च्या पुढं ऑइल कूलर आहे. फॉगचे ब्रॅकेट, क्रॅश गार्डवरच्या पिशव्या, शोभेची जाळी, काहीही त्याच्यासमोर येऊ देऊ नका. तिथं वारा लागलाच पाहिजे. सामान घ्यायला नाना पेठेत आलात तर कळवा, मी सोबत येईन.


तर्रीपोहे
रविवार, दुपारी २:४४

जावईबापू, तुम्ही नागपूरले या. सामान राहू द्या, आधी सावजी खाऊ घालतो.


टायरबदल
रविवार, रात्री ९:३०

तीस पोस्टी व्हायच्या आत एक विचारतो. धागाकर्त्यानं २०२१ ची गाडी घेतली, १४ हजार चाललेली. टायर कोणते आणि कधीचे?

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. नक्षी कितीही शाबूत दिसू दे, रबर उन्हात वाळतं. गाडी उभी राहिली तरी वाळतं. खाली जाऊन वाच भाऊ.


मनीषनगर_६५०
रविवार, रात्री ९:५२

टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये गेलो. मागचा '०९२१'. पुढचा '०६२१'. म्हणजे दोन्ही मूळचेच. मागच्या टायरच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा आहेत, अंगठ्यानं रबर ताणलं की उघडतात. नक्षी निम्म्याहून जास्त आहे, म्हणून कधी शंकाच आली नाही. गेल्या आठवड्यात यावरच बायकोला घेऊन पेंचला जाऊन आलो.


टायरबदल
रविवार, रात्री ९:५८

मग तुझा पहिला भाग ठरला. पुढं १००/९०-१८, मागं १३०/७०-१८, तेच माप घे. १५० चा रुंद टायर दिसायला भरदार, पण त्या रिमवर तो चिमटून गोल होतो, गाडी वळायला आळस करते आणि जास्तीची पकडही मिळत नाही. तारांचं चाक आहे म्हणजे ट्यूब आली, ट्यूब आणि रिम टेपही नवीन टाक. लांब जाताना एक सुटी ट्यूब आणि दोन टायर लिव्हर जवळ ठेव.


अभंग_मूळरूप
रविवार, रात्री १०:१५

टायरला माझी हरकत नाही!


लेथवाला_हिंगणा
सोमवार, सकाळी ७:२०

बार-एंड आरशांचं राहून गेलं. हँडलच्या टोकाला कंपनीनं जे वजन दिलंय ते शोभेचं नाही, कंप मारायला आहे. बरेच आरसे ते वजन काढून त्या जागी बसतात आणि मग ८० च्या पुढं हाताला मुंग्या येतात. वजन ठेवून बाहेरून क्लॅम्प होणारा आरसा घ्या, नाहीतर आरशासाठी भोक असलेलं नवं वजन करून घ्या. ते मी करून देतो. अन आरसा बाहेर आला की गाडी रुंद होते, बर्डीच्या मेन रोडवर ऑटोच्या आरशाला लागते. तो हँडलच्या खाली दुमडता येईल असाच घ्या.

क्लिप-ऑनचा मोह सुटत नसेल तर मधला रस्ता आहे. २२ मिलीमीटरचं साधं, कमी उंचीचं सपाट हँडल. केबली त्याच पुरतात, ब्रेकची नळी तीच, टाकीला हात लागत नाही. पुढं झुकल्यासारखं दिसतं अन मनगट वाचतं.


मनीषनगर_६५०
तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:३०

मंडळी, काय काय केलं ते सांगायला आलो.

प्रीलोड आणि लिव्हर: शून्य रुपये. दोन्ही टायर, ट्यूब आणि रिम टेप धरून १३,८००. सीट पाचफूटदोन ताईंच्या काकांकडे, २,२००. त्यांनी मला आणि बायकोला दोघांनाही गाडीवर बसवलं. खडू दोघांसाठी वेगवेगळा, माझी रेघ पांढरी आणि तिची निळी. तिच्या बाजूला फोम वाढवला आणि पुढचा उतार काढला, ब्रेक मारला की ती माझ्यावर घसरायची ते बंद झालं. हेडलाइटसाठी रिले हार्नेस (रिलेसकट तयार वायरी) आणि चांगला ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब, १,४५०. सपाट हँडल २,६००. आरसे आणि लेथवाल्या भाऊंनी करून दिलेली वजनं मिळून १,९००. एकूण २१,९५०. साडी गार्ड, मडगार्ड, दोन्ही सायलेन्सर जागच्या जागी. जुनं हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर.

टायरबद्दल लिहायलाच हवं. पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवली, नव्या रबराची चकाकी जाईपर्यंत. काल पहाटे आम्ही दोघं रामटेकला गेलो. गडाच्या चढावर ती वळणं आहेत ना, तिथं मी आधी नेहमी धास्तावून गाडी उभी करूनच वळवायचो. मला वाटायचं माझाच हात कच्चा आहे. काल तीच गाडी आपणहून कलत होती आणि आपणहून सरळ होत होती. वर पोचल्यावर बायको म्हणाली, आज तू श्वास रोखून धरला नाहीस.

हँडल सपाट केल्यावर गाडी बाजूनं पाहिली. टाकी, सीट, हँडल, तिन्ही एका खालच्या रेषेत आलेत. दोन वर्षं मनात होतं ते चित्र हे नव्हे, पण काल खिंडसीच्या काठावर चहा पिताना मी अर्धा तास तिच्याकडंच पाहत होतो.

१८ हजार ५० उरलेत.


तर्रीपोहे
रविवार, सकाळी ११:३६

१८ हजारात सायलेन्सर येते! जाऊ द्या, नाही म्हणत. अभिनंदन भाऊ, वहिनीले नमस्कार सांगा. अन डीबी किलर अजून लागलेलाच आहे, रात्रपाळी ताई.


रात्रपाळी_धंतोली
रविवार, दुपारी ४:१०

वाचलं. मनापासून आभार.


अभंग_मूळरूप
रविवार, दुपारी ४:२५

खालच्या रेषेचा फोटो टाका, बाजूनं काढलेला. पाहायचा आहे.


दोनशेसत्तर
रविवार, संध्याकाळी ५:००

उरलेल्या पैशांतून तेल आणि फिल्टर करून घ्या, १०डब्ल्यू-५०, कंपनीच्या पुस्तकात आहे तेच. मग राहिलेले ठेवून द्या, मागच्या शॉकअपसाठी जमतील. पण आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा याच प्रीलोडवर काढून पाहा.


जुनाखेळाडू
रविवार, संध्याकाळी ५:४०

पुढच्या रविवारी सहा वाजता झिरो माईलला जमतोय, कामठी रोडनं मनसर आणि परत, नाश्त्याला घरी. कोण कोण?


पाचफूटदोन
रविवार, संध्याकाळी ५:४८

मी येते.


मनीषनगर_६५०
रविवार, संध्याकाळी ६:०२

आम्ही दोघं. सी-स्पॅनर सोबत आणतो, कुणाचा प्रीलोड राहिला असेल तर तिथंच लावून टाकू.